अंबादासमास्तर डॉस शिकतात

चादरींच्या कारखान्यात नोकरी केली की माणूस कापसाचे तंतू अंगावर घेऊनच घरी येतो. किस्स्यांचंही तसंच. आपण गोळा करायला जात नाही, ते चिकटतात. सत्तरच्या दशकात मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारकून म्हणून लागलो. त्याच वर्षी अंबादासमास्तर डिझायनर म्हणून आले आणि बसवराज फिटर म्हणून. आमचे किस्से पोतंभर आहेत, आज फक्त कॉम्प्युटरचे सांगतो.

नव्वदच्या सुमारास मालकांनी जाहीर केलं, यापुढे चादरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर होणार. मास्तरांना दिवाळीपर्यंत मुदत. शिकले तर ठीक, नाहीतर त्यांच्या जागी पुण्याहून माणूस येणार. मास्तर पन्नाशीचे, घरी तेलुगू बोलणारे, शाळा सातवीपर्यंत. माझी मुलगी सुनीता पॉलिटेक्निकला शिकवायची, म्हणून आमच्या घरी कॉम्प्युटर होता. मी मालकांना सांगून टाकलं, "मास्तर शिकतील, जबाबदारी माझी." मग रविवारची शिकवणी सुरू झाली. बसवराज नुसता चहाला आला आणि तोही अडकला.

*

पहिल्या रविवारी सुनीताने मशीन चालू करून दिलं आणि ती भाजी आणायला गेली. काळा पडदा, त्यावर दोन-चार अक्षरं आणि पुढे लुकलुकणारी बारीक रेघ.

"काम चालू दिसतंय," मास्तर म्हणाले.

चालू कामात हात घालायचा नाही, हा कारखान्याचा नियम. आम्ही तिघं हाताची घडी घालून पाऊण तास बसलो. दोनदा चहा झाला. सुनीता आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, ते तुमचीच वाट बघतंय!"

"मग तसं सांगायचं की त्यानं," मास्तर म्हणाले.

*

पुढे डॉसच्या कमांड, म्हणजे मशीनला टाइप करून द्यायचे हुकूम, सुरू झाले. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पडद्यावर यायचं, "बॅड कमांड". मास्तरांच्या कामाला इतक्या वर्षांत कुणी बॅड म्हटलं नव्हतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

बसवराजला राहवेना. त्याची मायबोली कन्नड. त्याने इंग्रजी अक्षरं शोधत शोधत कन्नडमध्ये हुकूम दिला. उत्तर तेच आलं.

"मास्तर, कन्नडमधी बी त्येच म्हणतंय," तो म्हणाला. "तुमच्यावर राग न्हाय त्याचा."

मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं.

*

'डीआयआर' टाइप केलं की फाइलींची यादी सरसर वर पळायची. वाचणार कोण? मास्तरांनी माणसं नेमली. पडद्याचा वरचा भाग मी बघायचा, मधला बसवराजने, खालचा त्यांनी. ज्याला फाइल दिसेल त्याने ओरडायचं. दोन रविवार आम्ही असे ओरडत होतो. शेजारच्या काकू विचारून गेल्या, भांडण आहे का.

शेवटी सुनीताने दाखवलं की मागे एक तिरकी रेघ आणि 'पी' जोडलं की यादी पानापानाने थांबते. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. आम्ही दोघं मात्र थोडे हिरमुसलो, कारण आमची नोकरी गेली.

*

एकदा माझा जीव खरंच जायची वेळ आली होती. मास्तरांना सरावाची एक फाइल पुसायची होती. त्यांनी 'डेल' या पुसायच्या कमांडपुढे अशी काही फुली-टिंबं मारली की सगळंच पुसलं जावं. आत सुनीताच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. मशीनने विचारलं, नक्की का? हो की नाही?

मास्तर उठले, चपला घातल्या. म्हणाले, "एवढ्या मायेनं विचारतंय तर लगीच व्हय कसं म्हणायचं? घरी बायकोला इचारून येतो."

ते परत यायच्या आत सुनीता आली आणि तिने 'नाही' दाबलं. वहिनींचं मत काय पडलं, ते मी विचारलं नाही.

*

दिवाळीच्या आधी मालकांच्या केबिनमध्ये परीक्षा झाली. पुण्याचा माणूस येऊन बसलेला. मास्तरांनी आमच्या मशीनवर केलेली तीन महिन्यांची डिझाइनं सहा फ्लॉप्यांत, म्हणजे कॉम्प्युटरच्या पातळ चौकोनी पाकिटांत, होती, दुसरी कॉपी नव्हती. मास्तरांनी पिशवीतून माळ काढली. सहाही फ्लॉप्या एका दोऱ्यात ओवलेल्या!

चादरीची नक्षी मागावर चढवायची तर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि कार्डं दोऱ्याने क्रमाने बांधतात. एक कार्ड मागेपुढे झालं की मोराची मान शेपटीकडे जाते. मास्तरांनी फ्लॉप्यांचंही तेच केलं होतं. पंचने भोक, भोकातून दोरा.

"फ्लॉपीला भोक पाडलंत?" पुण्याचा माणूस म्हणाला. "गेलं सगळं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

मास्तरांनी दोरा सोडला, पहिली फ्लॉपी आत घातली, एका बोटाने कमांड टाइप केली. मशीन कुरकुरलं. मग नावं उमटली, मोर, वेल, कमळ. दुसरी घातली, तिसरी घातली. सहाच्या सहा उघडल्या. मी खुर्ची शोधून बसलो. मालक हसले आणि त्यांनी चहा सांगितला.

पुण्याच्या माणसाने एक फ्लॉपी उजेडात धरली. भोक अगदी कोपऱ्यात होतं. आतली चकती गोल, ती कोपऱ्यापर्यंत येतच नाही.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कुणी न्हाय, साहेब. जल्मभर भोकंच पाडतोय की," मास्तर म्हणाले. "कुटं पाडायचं न्हाय, तेवढं कळतंय."

त्याने बॅग उघडली आणि स्वतःच्या सुट्या फ्लॉप्या भोकं पाडून ओवायला मास्तरांपुढे ठेवल्या.