नळ आला, पण नळ येत नाही

मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमची आळी. आमच्याकडे पाणी येत नसे, नळ येत असे. आणि पाणी थांबलं की नळ जात असे. सगळ्या आळीला नगरपालिकेचा तो एकच नळ, अगदी टोकाला, काकीच्या दारासमोर. काकी नात्यातली नव्हे, सगळ्या आळीचीच. नवरा ट्रॉलरवर खलाशी होता, तो गेल्यावर ती एकटीच राहायची. घर तिचं, पण घराखालची जमीन दुसऱ्याची, त्यामुळे घरात नळ घेण्याची सोय नाही. तो टोकाचा नळ म्हणजेच तिचं पाणी.

एका उन्हाळ्यात नळ यायचाच बंद झाला. आम्ही वरच्या वाडीतल्या विहिरीवर भागवत होतो. काकीच्या गुडघ्यांना तो चढ कुठला झेपायला! ती तडक नगरपालिकेत गेली आणि आमचा नळ गेला म्हणून सांगून आली. साहेब नुकतेच घाटावरून बदलून आलेले. तेव्हा पितळी तोट्या सर्रास चोरीला जायच्या. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन चकचकीत नवी तोटी बसवून गेला. आम्ही पोट धरधरून हसलो. काकी मात्र पदर खोचून पुन्हा निघाली, सोबत मला घेतलं.

"साहेब," ती म्हणाली, "नळ आला, पण नळ येत नाही."

साहेब माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी उलगडा केला तेव्हा तेही हसले. पण माणूस भला. सकाळी स्वतः आले, वरच्या घरांनी थेट लाइनीला लावलेल्या मोटारी काढायला लावल्या, आणि नळाला धो धो पाणी आलं. काकीने त्यांना चहा पाजला, हात काही जोडले नाहीत.

काय सकाळी होत्या त्या! नुसती रिकामी कळशी रांगेत ठेवली की नंबर लागला. मग कुणाच्या घरी काय शिजलं, मुंबईहून कोण आलं, सगळं तिथेच कळायचं. कितीक लग्नं त्या नळावर जुळली आणि कितीक भांडणं जुंपली. मला अजून त्या गलक्याची फार आठवण येते.

हळूहळू घरोघरी नळ आले. आता कोण वापरतं म्हणून गेल्या वर्षी नगरपालिकेने टोकाचा नळ काढून टाकला. काकी वापरत होती, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. तेव्हापासून ती आमच्या मागीलदारी येऊन पाणी नेते. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

परवा तिची कळशी भरताना मी सहज म्हटलं, काकी, त्या नळाची मजा काही औरच होती.

काकीने कळशी कमरेवर घेतली.

"तुला मजा आठवते गो," ती म्हणाली. "मी रोज तुझ्या दारात येऊन 'भरू काय गो' म्हणून विचारते. नळावर कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तिथे माझा नंबर होता."