पाहुणा जाऊ द्या, मग बोलू

ढोले सर गेले. आणि त्यांचं सगळंच बरोबर होतं, असं मी आज लिहिणार नाही.

त्यांनाच ते आवडलं नसतं.

नांदुऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात सरांनी आम्हाला राज्यशास्त्र शिकवलं. दरवर्षी वादविवाद स्पर्धा, आणि विषय ठरलेला: परराष्ट्र धोरणात राष्ट्रहित मोठं की मानवी हक्क?

सरांचा एक नियम होता. जी बाजू पटत नाही, तिच्याकडून आधी पाच मिनिटं बोलायचं. मग आपली. सर स्वतः मात्र कायम राष्ट्रहितवाले.

मीही त्याच बाजूने पहिलं बक्षीस घेतलं. भाषण अर्थात सरांनीच घासूनपुसून दिलेलं.

"दुसऱ्या देशात कोण कोणाले जेलात टाकते हे पाहत बसलो, तं आपली चूल कशी पेटन?" हे वाक्य मी असं फेकलं होतं की टाळ्या थांबेनात.

माझ्याच वर्गात संतोष होता. वेल्डिंग शिकला आणि आखातात गेला. देशाचं नाव लिहीत नाही, त्याचे सोबती अजून तिथे आहेत.

साइटवर एक माणूस उन्हाने पडला आणि मेला. दुसऱ्या दिवशी संतोष आणि आणखी चौघं म्हणाले, भर दुपारी काम करणार नाही. पाचही जण जेलमध्ये. ना केस, ना तारीख, ना फोन.

त्याची माय बाजारात भाजी विकते. पोराचा फोटो घेऊन ती तहसीलसमोर सतरंजी टाकून बसली. नेमका त्याच आठवड्यात त्या देशाचा मोठा पाहुणा दिल्लीत येणार होता.

सर स्वतः तिला उठवायला गेले. मी तेव्हा गावीच होते, सोबत गेले.

"पाहुणा घरात असला का आपण भांडण काढतो काय, बाई? तो जाऊ द्या, मग बोलू. तेलाचं बोलणं सुरू आहे. आपली किती पोरं तिथं कामाले आहेत! एकासाठी ओरडलो तं बाकीच्याइच्या पोटावर पाय येईन. मोठे लोक आतून बोलतात, बाहेर सांगत नसतात."

ती म्हणाली, "तुमी गुरुजी. तुमाले जास्त समजते."

आणि उठली. सतरंजी मी घडी करून दिली.

पाहुणा आला. करार झाले, पेपरात हसरे फोटो आले. संतोषबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढला असेल तर आमच्यापर्यंत आला नाही.

आठ महिने असेच गेले.

मग एक दिवस पुण्यात माझ्या मोबाइलवर फोटो आला. तहसीलसमोर संतोषची माय, आणि तिच्या शेजारी मांडी घालून सर.

मी फोन लावला. "सर, हे काय? तुम्हीच तर शिकवलं होतं..."

"हाव. खोटं नाही शिकवलं, अर्धं शिकवलं. ही बाई मले विचारते, गुरुजी, देशाचं भलं म्हनता, त्यात माहा पोरगा येत नाही काय? तू बक्षीसवाली ना वं? सांग उत्तर."

 

संतोष पुढच्या वर्षी सुटून आला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्याचा. धरण्यामुळे सुटला की आतून कोणी बोललं म्हणून, देव जाणे. लोक सरांचा सत्कार करायला निघाले, तर सर असे भडकले!

"हार आनू नोका. दिल्लीत एखादा भला अधिकारी झटला असंन, मले काय मालूम? पण बाईले उठवलं, ते आठ महिने माह्या माथी आहेत."

त्याच आठवड्याच्या बाजारात, मेथीच्या जुड्यांसमोर उकिडवे बसून त्यांनी संतोषच्या मायपुढे हात जोडले. चुकलो म्हणाले. "उठा गुरुजी, लोकं पाहून राह्यले," एवढंच ती बोलली.

आज ती सरांच्या घरी आली होती. बायकांमध्ये भिंतीला टेकून, पदर डोळ्यांना लावून बसली होती.

मी जवळ सरकले. "मावशी, सरांना माफ केलं होतं का हो?"

"नाही," ती म्हणाली.

मग पदर सावरत म्हणाली, "पण चुकलो म्हनायले एवढ्या मोठ्या देशातून तो एकलाच मानूस आला, वं."

मग मी तिचे पाय धरले. चुकले म्हणायला मला फार उशीर झाला होता.

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.