तीन बोटं आणि दुसरी सीडी

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांची होते, आणि त्या एका आठवड्यात माझी पक्की खात्री झाली होती की मी बाबांना मारून टाकलं आहे. हसू नका. मला स्वतःला अजून नीट हसता येत नाही.

बाबा सरकारी कारकून. सरळ माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण हिंदीत डब केलेले चिनी मारामारीचे सिनेमे म्हटले की पाघळायचे, आणि सिनेमा जितका भिकार तितके ते खूश. दर शनिवारी आम्ही दोघं बूढापाऱ्यातल्या सीडीच्या दुकानातून दोन सीडींचा एक सिनेमा आणायचो आणि रविवारी सकाळी, आई पोहे करत असताना, तात्यापाऱ्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत बघायचो. सगळ्या पात्रांना मिळून तीनच आवाज. गुरू आणि खलनायक एकाच माणसाच्या आवाजात बोलायचे, त्यामुळे त्यांचं वाजलं की तो बिचारा स्वतःशीच भांडायचा. तोंड मिटलं तरी वाक्य चालूच. बुक्की हवेत गेली तरी लाकूड फोडल्याचा आवाज. रंगवलेल्या आकाशाला मधोमध घडी पडलेली. "पाह्य, पाह्य, दाढी निघाली त्याची!" म्हणत बाबा डोळे पुसून हसायचे. ऑफिसात त्यांचं हे रूप कुणी पाहिलं नसणार, ते फक्त माझ्या वाट्याचं होतं.

त्या रविवारच्या सिनेमात चिकटवलेल्या दाढीचा एक गुरू होता. तो शत्रूच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, तीन बोटं दाबायचा. बस, एवढंच. आणि म्हणायचा, "सातवें दिन सूरज डूबेगा, और साथ में तू भी." बाबा हसून हसून आडवे झाले, मीही झाले. यावर उतारा काय हे कळायच्या आत पहिली सीडी संपली, आणि दुसरीवर निघाला भलताच सिनेमा. दुकानदाराने सीडींची अदलाबदल केली होती. नट तोच, विग तोच, आवाजही तेच तीन, त्यामुळे अर्धा तास आमच्या लक्षातच आलं नाही. बाबांना तर हा घोळ मूळ सिनेमापेक्षा जास्त आवडला.

दुपारी ते चटईवर ऑफिसचे कागद मांडून बसले. नव्या राज्याच्या फायली भोपाळहून गठ्ठ्यांनी येऊन पडत होत्या, त्यांची यादी सोमवारी द्यायची होती. मी दारातून किंचाळत उडी घेतली, हवेत लाथ फिरवली, आणि दोन तास लावलेले कागद खोलीभर झाले. बाबांनी थाडकन माझ्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तीही शेजारच्या दीदीसमोर.

मी रडले नाही. कागद आवरून बाबा कुशीवर झोपले, तेव्हा मी हळूच त्यांच्या मागे जाऊन बसले, बनियनवर तीन बोटं टेकवली आणि जोर लावला. त्या क्षणी त्यांनी मरावं असं मला खरंच वाटत होतं. हे लिहिताना हात आखडतो, पण तसंच होतं.

राग रात्रीच्या जेवणापर्यंत विरला. बुधवारी बाबा ऑफिसातून हुडहुडी भरूनच घरी आले. दोन रजया घातल्या तरी खाट हलत होती. डॉक्टरांनी मलेरिया सांगितला. "मच्छरदाणी लावा म्हणून मी घसा फोडून राहिली, कोणी ऐकलं काय?" आई म्हणाली. खरं कारण मला एकटीला माहीत होतं. सिनेमा खोटा असतो हे मला कळत होतं. दाढी निघालेली मी याच डोळ्यांनी पाहिली होती. पण दाढी खोटी म्हणून बोटंही खोटीच, याची हमी कोण देणार?

शाळा सुटली की मी दुकानात धावायचे. "भैया, वो दूसरी वाली सीडी आई क्या?"

"बीरगांव का कस्टमर ले गया है. फैक्टरी से छुट्टी मिलेगी तब लाएगा. इतना क्या अर्जेंट है?"

काय सांगणार? उतारा त्या सीडीवर होता. एखादा काढा असेल, दुसरीकडे कुठेतरी बोट दाबायचं असेल. बीरगावच्या कुणा कामगाराच्या घरी तो पडून होता आणि इथे बाबांचे डोळे खोल जात होते. त्यात आणखी एक हिशोब सुटत नव्हता: पहिला दिवस धरायचा की नाही? धरला तर शनिवार, नाही तर रविवार. मी आईला विचारलं.

"कायचे सात दिवस?" आई म्हणाली. "गोळ्या पाचच दिवसांच्या आहेत."

शनिवारी सीडी आली नव्हती. मी धापा टाकत घरी आले तेव्हा आई मेडिकलमध्ये गेली होती. खिडकीसमोरच्या घराच्या भिंतीवर ऊन वर वर सरकत होतं, पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलं होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून पडले होते.

"कोण, तू आहे का?"

"हव, बाबा."

"त्या दिवशी तू माही पाठ दाबून राहिली होती न, मी जागाच होतो." ते थांबत थांबत बोलत होते. "एवढं मारलं मी तुले, तरी तू आली. लय लाज वाटली मले. उठून बोलायची हिंमत नाही झाली." मग म्हणाले, "तिथंच दाब न थोडं. बरं वाटलं होतं."

माझा हात पुढे होईना. टाकीवरचं ऊन बोटभर उरलं होतं.

"काहून? अजून राग आहे का?"

मी नाही म्हटलं आणि अख्खा तळवा ठेवला, एकही बोट टोचणार नाही असा पसरून. बनियन घामाने भिजलं होतं. ऊन गेलं. मी श्वास रोखून त्यांच्या श्वासाची वाट पाहिली. तो आला, मग दुसरा आला. आई परत येईपर्यंत मी हात काढला नाही. रविवारीही, त्याच वेळी, न सांगता जाऊन बसले.

बाबा बरे झाले. त्यांनी माझ्यावर पुन्हा कधी हात उचलला नाही. अजूनही घरी कुणी आलं की ते सांगतात, "मी मारलं, तरी पोट्टी माही पाठ दाबायले आली." मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते.