गप्प कॉम्प्युटर

कारखान्यात त्याला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. तो इन्स्पेक्टर कधीच नव्हता. पत्रा कापणाऱ्या प्रेसपुढे उभं राहून त्याने जन्म काढला आणि निवृत्त झाला तो त्याच प्रेसवरून. नाव पडलं ते स्वभावामुळे. चहाचा पेला हातात आला की हा आधी पेल्याचा तळ बघायचा. आजारपणाच्या रजेवरून कोणी परत आला की म्हणायचा, "ताप होता ना? जीभ दाखव." सोबतचे हसायचे, पण त्याच्यासमोर थापा मारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

प्रेसखात्यात माणसाचं काम कानाने कळायचं. धाड, धाड, धाड असा ठेका चालू आहे तोवर माणूस कामावर आहे. ठेका थांबला की फोरमन काचेच्या केबिनमधून मान वर करायचा. इन्स्पेक्टरच्या प्रेससाठी फोरमनला मान वर करावी लागली नाही. स्वतःबद्दल तो एवढंच सांगायचा. उरलेला वेळ दुसऱ्यांचे ठेके ऐकण्यात जायचा.

निवृत्तीनंतर घरात कान देण्यासारखं एकच यंत्र राहिलं, ते म्हणजे सुनेचा कॉम्प्युटर.

सून घरून काम करायची. कुठल्या कुठल्या चौकशा आणि सुनावण्यांची रेकॉर्डिंग तिच्याकडे यायची. ती ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा, हे तिचं काम. घराच्या मागच्या अंगाला एक लहान खोली होती. एक टेबल आणि एक खुर्ची टाकली की ती भरायची. तिथे तिचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. इन्स्पेक्टर बाहेर पेपर धरून बसायचा. घरघर चालू असेपर्यंत त्याला सुनेबद्दल काही म्हणायचं नसे. पंखा फारच कोकलायला लागला की बायकोला कौतुकाने सांगायचा, "आज लोड दिसतोय."

मग धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि घरातल्या खोल्या एकदम कमी पडायला लागल्या.

"वहिनींचं काय, टाइपच तर करायचं असतं," धाकटा म्हणाला. "स्वयंपाकघरातलं टेबल आहे की."

"तिथे नळ, मिक्सर, भांडी," सून म्हणाली. "लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, भाऊजी. ते मला ऐकायचं असतं. तुम्ही बसून दाखवा तिथे एक तास."

थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, काखा वर केल्या. घर बाबांचं, बाबा ठरवतील. आणि तो गोदामात कामाला निघून गेला.

बाबांनी ठरवलं. "काम होत असेल तर खोली कामाची. नुसतं बसणं होत असेल तर धाकट्याची. मी बघतो."

कसं बघणार, हे कोणी विचारलं नाही. त्याला स्वतःला ते विचारायची गरजच वाटली नाही. कान होते की.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सुनेने जुना कॉम्प्युटर उचलून कोपऱ्यात ठेवला आणि नवा जुळवायला घेतला. इन्स्पेक्टरच्या मनात पाल चुकचुकली.

"जुन्याला काय धाड भरली?"

"तो ओरडतो, बाबा. हेडफोन लावले तरी त्याची घरघर आत येते. हळू बोलणारी माणसं त्यात बुडून जातात. परवा चुका काढून माझी पानं परत आली."

"यंत्र म्हटलं की आवाज आलाच."

"म्हणूनच आवाज न करणारं बनवतेय."

सुट्टीच्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले. इन्स्पेक्टर खुर्ची ओढून समोर बसला. कॅबिनेटच्या पत्र्यावर त्याने टिचकी मारली. ठण् व्हायला हवं होतं, थप् झालं. आतून जाड नमद्यासारखा थर चिकटवला होता.

"पत्र्याला गोधडी शिवलीय," तो बायकोला म्हणाला.

प्रोसेसर काडेपेटीएवढाही नव्हता. त्यावर सुनेने वाटाण्याएवढी राखाडी पेस्ट ठेवली आणि वर विटेएवढा, पातळ पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवला. उष्णता त्या पात्यांतून पसरते, ती म्हणाली. ठोकळ्याला लावायचा पंखा पसरलेल्या पंजापेक्षा मोठा होता.

"जुन्यात इवलासा पंखा होता. तो जीव तोडून फिरायचा, म्हणून ओरडायचा. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा ढकलतो."

"सावकाश फिरून तेवढंच काम." इन्स्पेक्टरने मान हलवली. "असं सांगणारे पुष्कळ पाहिलेत मी. बदली व्हायची त्यांची."

कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा पंखा स्क्रूने न कसता तिने रबरी खुंट्यांवर बसवला. खुंटीचं शेपूट भोकातून ओढून घ्यावं लागे. एक तुटली. दुसरी तिने चिमट्यात धरून, दात आवळून ओढली. बोटांची टोकं लाल झाली. इन्स्पेक्टरने ते पाहिलं. मदतीला हात पुढे केला नाही, तिने मागितलाही नाही. मात्र इतका वेळ टेकवलेली पाठ त्याने खुर्चीवरून उचलली.

"रबर कशाला?"

"पंख्याची थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून." मग तिने पॉवर सप्लाय उचलला. "आणि याचा पंखा तर बराच वेळ फिरतच नाही. गरज नसली की थांबतो."

"थांबतो. आणि पगार चालूच?"

सासू पदराआड हसली. सूनही हसली. तो हसला नाही. हार्ड डिस्कच्या जागी तिने एक चपटी चिप लावली आणि सांगितलं की आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे खटखटही नाही. फिरणारं काही नाही, आणि म्हणे यंत्र.

तिने बटण दाबलं. एक बारीक दिवा लागला. इन्स्पेक्टर वाट बघत बसला.

"कधी चालू होणार?"

"चालू आहे."

"कशावरून?"

तिने स्क्रीनकडे बोट केलं. चित्र तर टीव्हीवर पण दिसतं, त्याच्या मनात आलं. तेवढ्यात सुनेने मान तिरकी केली. "घूं येतेय."

"कसली घूं? काही येत नाहीये."

"येतेय, बाबा."

"येतेय की," सासू चुलीकडून म्हणाली.

सुनेने पंखा क्षणभर बोटाने थोपवून पाहिला, मग कॅबिनेटवर तळवा ठेवला, मग टेबलावर. कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून धरलं. "गेली. टेबलाची फळी पातळ आहे, ती घुमत होती." तिने कॅबिनेट जमिनीवर रबराच्या पायपुसण्यावर ठेवलं आणि समाधानाने हात झटकले.

इन्स्पेक्टरला घूं आलीही नव्हती आणि गेलीही नव्हती. बायको तर काय, सुनेच्या हो ला हो म्हणणारच. कुठंतरी पाणी मुरत होतं.

उरलेला दिवस सुनेने पंख्याचा वेग बसवण्यात घालवला. थोडा कमी करायचा, मशीनला मुद्दाम जड काम द्यायचं, तापमान किती चढतं ते बघायचं, पुन्हा कमी करायचा. इन्स्पेक्टरला दिसलं ते एवढंच, की ती आकड्यांसमोर हात बांधून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीचं दार बंद झालं आणि दाराआड शांतता पसरली.

इन्स्पेक्टरला पेपर वाचता येईना. घरघर नाही म्हणजे ठेका थांबलेला, आणि ठेका थांबला की कोणीतरी मान वर करायला हवी. तो उठून जाऊ लागला. कधी चष्मा राहिला, कधी नेलकटर हवं, कधी खिडकी लावायची. दर वेळी सून कॉम्प्युटरसमोर, कानावर हेडफोन. एकदा त्याने वाकून मागच्या जाळीतून आत पाहिलं. पॉवर सप्लायचा पंखा फिरत नव्हता. कॅबिनेटवर हात ठेवला.

"गार लागतंय."

तिने हेडफोन कानावरून सरकवला. "लागायलाच हवं, बाबा."

"राबलेलं यंत्र गार?"

"त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला."

बाहेर येऊन त्याने बायकोला ऐकवलं, "आवाज नाही, ऊब नाही, थरथर नाही. मेलेला माणूस आणखी वेगळा काय असतो?"

"डॉक्टर आधी नाडी बघतो," बायको म्हणाली. "तुम्ही तिची नाडी सोडा आणि ही भाजी निवडा."

धाकटा भाजीपाशीच उभा होता. "वहिनी सिनेमे बघतात, बाबा. माझं ऐका."

हे ऐकल्यावर इन्स्पेक्टरने भाजी सोडली, पायातल्या चपला काढल्या आणि आवाज न करता मागच्या खोलीचं दार ढकललं.

सून ताठ बसली होती. हात मांडीवर आणि डोळे मिटलेले. स्क्रीनवर अर्धवट ओळ, आणि बोटं जागची हलत नव्हती. तो बराच वेळ उभा राहिला. तिला पत्ता नव्हता. मग त्याने धाकट्याला आणि बायकोला हाक मारली.

"या. पंचनामा होऊ दे."

धाकटा दारातच हसायला लागला. इन्स्पेक्टरने सुनेच्या खांद्याला हात लावला. ती दचकली.

"झाली झोप?"

"झोप कसली? ऐकत होते."

"डोळे मिटून?"

"डोळे उघडे असले की अर्धं लक्ष तिकडे जातं."

"बरं. आम्हालाही ऐकव मग."

"हे नाही ऐकवता येणार. कामाचं आहे, बाहेर कोणाला ऐकवणार नाही असं लिहून दिलंय मी."

"वा! सोयीचं आहे," धाकटा म्हणाला.

सून त्याच्याकडे वळली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. "सरावाची रेकॉर्डिंग असतात, ती चालतील. हे घ्या. माइकपासून लांब बसलेली एक म्हातारी बोलते. ती काय बोलते ते मी टाइप केलंय, ते इथे आहे." तिने स्क्रीन भिंतीकडे फिरवली. "आता ऐका. ऐकू आलं की सांगा. नाही आलं तर खोली सोडते."

इन्स्पेक्टरने हेडफोन चढवले. सू सू असा वारा होता. वाऱ्यामागे काही असेल म्हणून त्याने श्वास रोखला. वाराच होता.

"यात काही नाही."

धाकट्याने घेतले. थोडा वेळ ऐकलं, मधेच एकदा नजर भिंतीकडे फिरलेल्या स्क्रीनकडे गेली, आणि हेडफोन काढून टाकले. "नुसती खरखर. घ्या, बाबा, झालं की नाही सिद्ध?"

झालं होतं. दोन माणसांनी ऐकलं, दोघांना काही आलं नाही. इन्स्पेक्टरने निकाल द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ज्याला खोली हवी, त्यालाच आपण साक्षीला उभा केला. असा कच्चा पंचनामा त्याने दुसऱ्या कोणाला चालू दिला नसता.

"अगं, तू ये," त्याने बायकोला बोलावलं.

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"तुला काही कळत नाही म्हणूनच ये."

दूध उतू जायच्या आधी दोन खोल्या पलीकडून कळणारी ही बाई. तिने हेडफोन लावले आणि लगेच डोळे मिटले. तिला कोणी सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्टरने ते पाहिलं. तो काही विचारणार तर तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

"पुन्हा लाव गं." सुनेने लावलं. "अजून एकदा."

सुनेने पुन्हा लावलं.

"ती म्हणतेय," सासू सावकाश म्हणाली, "किल्ली मी शेजारी दिली नव्हती. किल्ली माझ्या उशीखाली होती. आणि मग थांबते. रडते वाटतं बिचारी."

सुनेने स्क्रीन वळवली. इन्स्पेक्टरने चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. किल्ली, शेजार, उशी, सगळं होतं. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, 'रडू आवरते.'

"एवढ्या ओळीला किती वेळ लागला तुला?"

"अर्धी सकाळ."

तो ओळीकडे बघत राहिला. अर्धी सकाळ, हात न हलवता.

"मला खरंच नाही आलं ऐकू," धाकटा म्हणाला.

"मलाही नाही आलं. पण तुझे कान प्रेसवर गेलेले नाहीत."

"तुमचे गेलेत, हे तुम्हाला आज कळलं?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं मी ओरडतेय ते काय गळा मोकळा करायला?"

त्याने चष्मा काढून खिशात घातला. धाकटा खोटं बोलला की त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, हे इन्स्पेक्टरला कळेना, आणि कळायला आता काही साधनही हाताशी नव्हतं. ते त्याने तसंच राहू दिलं. "खोली कामाची," तो म्हणाला.

"मग आम्ही लग्न करून कुठे जायचं?"

"आमच्या खोलीत. आम्ही दोघं बाहेर झोपू."

"मला विचारलंत?" बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"विचारतो. चालेल?"

"चालेल. पण कपाट माझ्याबरोबर बाहेर येईल. आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून घोरायचं."

धाकटा पाय आपटत गेला. सून आभार मानेल असं इन्स्पेक्टरला वाटलं होतं. तिने आभार मानले नाहीत. हेडफोनची वायर नीट करत म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. यापुढे दार वाजवून आत यायचं."

"वाजवलेलं तुला त्या हेडफोनमध्ये ऐकू येईल का?"

"नाही येणार."

"मग?"

"मग आत यायचं नाही."

ती चेष्टा करतेय का, हे त्याने तिच्या चेहऱ्यावर शोधलं. चेष्टा नव्हती. तो बायकोपाठोपाठ बाहेर आला आणि दार स्वतः ओढून घेतलं. दारापाशी जरा वेळ थांबला. काही ऐकू आलं नाही.

"कडी लावली का गं तिने?" त्याने बायकोला विचारलं.

"लावली," ती म्हणाली.