शहाण्णव पानांचं गाव

कोंढ्याला बसथांब्यासमोर खुशबूचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान चालवायला लागतं ते डोकं तिच्याकडे भरपूर आहे, पण गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो तो गोडवा देवानं द्यायचा राहून गेला असावा. "प्रिंट बरोबर येऊन नाई राहिली" म्हणत कुणी पेन ड्राइव्ह पुढं केला, की ती आधी चार शब्द सुनावते आणि मग काम करून देते. आसपासचे मास्तर, ग्रामसेवक ते चार शब्द मुकाट ऐकून घेतात, कारण बिघडलेली फाइल ताळ्यावर आणणारं दुसरं कुणी तिथं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी धर्मेंद्रभाऊ तिच्या दुकानात आले. एका खासगी शाळेत कारकून, वय बावन्न, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. इतके भिडस्त, की दुकानात गर्दी दिसली तर परत जाणारे. त्या दिवशी मात्र गर्दी असूनही ते काउंटरला चिकटून उभे राहिले.

"खुशबू बेटा, हे एक्सेलचं पान छापून दे ना. शाळेतल्या प्रिंटरवर मुंग्या येऊन राहिल्या."

खुशबूनं फाइल उघडली. पडद्यावर बारीक बारीक चौकोन दिसले, काही निळे, काही हिरवे, बाकीचे पांढरे. अक्षर एकही लागत नव्हतं.

"हे काय आहे, भाऊ? मार्कशीट?"

"गाव आहे," धर्मेंद्रभाऊ म्हणाले.

त्यांचं सावळघाट हे गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पुनर्वसनात गावाचे तीन तुकडे होऊन तीन ठिकाणी बसले. जुन्या गावात कोण कुणाच्या शेजारी राहायचं, हे विसरलं जाऊ लागलं तेव्हा भाऊंनी ते लिहून ठेवायचं मनावर घेतलं. नकाशा काढायचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांना येत होतं ते एक्सेल, तेही निकालपत्रकांपुरतं. मग एक चौकोन म्हणजे एक घर, असं धरून त्यांनी सुरुवात केली. तीन वर्षं ते रविवारी सायकलनं तिन्ही वस्त्यांवर हिंडले, म्हाताऱ्यांजवळ बसले आणि सोमवारी शाळा सुटल्यावर ऐकलेलं भरत गेले. बायकोनं नावं ठेवली, सहकाऱ्यांनी टिंगल केली. भाऊ थांबले नाहीत.

खुशबूनं पडदा मोठा केला, तशी नावं दिसू लागली, पण गाव पडद्याबाहेर गेलं. लहान केला, तसं गाव आलं आणि नावं गेली. तिनं मोठाच ठेवला आणि माउस सरकवत निघाली. यादोराव. त्यांच्या शेजारी भैय्याजी सुतार. मग विहार, मग आटाचक्की. काही चौकोनांच्या कोपऱ्यात लाल टिकली होती. तिच्यावर बाण नेला की पिवळी चिठ्ठी उघडायची. 'दार उत्तरेला. ओट्यावर जातं.' दुसरी: 'खुशालच्या बैलानं ही भिंत दोनदा पाडली.' तिसरी: 'इथं चिंच. पोरं मोजून एकवीस फांद्या सांगतात.'

खुशबू वाचतच राहिली. मागून कुणीतरी आधारची झेरॉक्स मागितली, तर तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. रोज तिच्यासमोर शेकडो पत्रकं यायची. ह्याच आडव्या-उभ्या रेघांत एखाद्यानं बैलासकट गाव वसवावं, हे तिच्या कल्पनेतही नव्हतं. तोंडानं मात्र ती एवढंच म्हणाली, "टायपिंग साफ आहे तुमचं."

"उद्या गाव जमून राहिलं," भाऊ म्हणाले. धानाची मळणी आटोपली की वर्षातून एकदा तिन्ही वस्त्या एकत्र यायच्या, एका पंगतीत जेवायच्या. "अकरा घरं कोरी आहेत, बेटा. त्या घरांचं मागं कोणीच उरलं नाई, त म्या विचारू कोणाले? त्यांच्याच गल्लीतल्या बायजाबाईले माहीत आहे. लॅपटॉप नेला होता तिच्याकडे. बाई म्हणे, त्या काचेत मले काही दिसत नाई. मोतीबिंदू आहे. पोरगी तिले सोमवारी मुंबईले घेऊन जाते, आता तिकडंच राहीन. कागद मोठा पाहिजे. उद्याच पाहिजे."

खुशबूनं कंबर कसली. मुंग्यांचं कारण लगेच सापडलं. अख्खं गाव एकदम दिसावं म्हणून भाऊंनी सगळं एकाच पानात बसवायची सेटिंग करून ठेवली होती. तिनं ती काढून टाकली आणि आकार इतका वाढवला की एका पानावर दोनच घरं बसली.

"आता लय पानं होतील," भाऊ घाबरून म्हणाले.

"होऊ द्या. चिकटवू."

पहिलं पान आलं, तर त्यावर नावं अधांतरी तरंगत होती. घरांना भिंतीच नव्हत्या. पडद्यावरच्या फिकट रेघा कागदावर आपोआप येतील, अशी भाऊंची समजूत. तीन वर्षं त्यांनी एकाही घराला बॉर्डर दिली नव्हती. खुशबूनं त्यांना चार शब्द सुनावले आणि ग्रिडलाइनवर टिचकी मारली. मग पानं कुठं तुटतात ते पाहिलं. यादोरावांचं घर मधोमध चिरलं जात होतं, म्हणून तिनं पान तोडणाऱ्या निळ्या तुटक रेघा ओढून एकेक गल्लीच्या कडेला नेल्या.

चौऱ्याऐंशी पानं छापून झाली. फरशीवर मांडून भाऊंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बोडीकडची गल्ली नाई आली."

गावाच्या टोकाला बोडी होती, म्हणजे छोटं तळं. तिच्या काठची गल्ली भाऊंनी सर्वांत शेवटी भरली होती. बायजाबाईंचं घर त्याच गल्लीत, आणि अकराही कोरी घरं तिथंच. पडद्यावर गल्ली ठळक दिसत होती, कागदावर तिचा पत्ता नव्हता. खुशबूनं प्रिंटर बंद करून चालू केला, केबल काढून लावली, ड्रायव्हर नव्यानं टाकला, गल्लीतल्या ओळी लपल्यात का तेही पाहिलं. तास गेला. भाऊ शेवटी हळूच म्हणाले, "राहू दे बेटा. जेवढं आलं तेवढं लय झालं."

"काहून राहू द्यायचं?" खुशबू खेकसली. असं तीन वर्षांचं काम आपल्या दुकानात अर्धं राहावं, हे तिला सोसवेना. "भाऊ, आठवून सांगा. याच्या आधी कधी छापलं होतं?"

छापलं होतं. दोन वर्षांपूर्वी, गल्ली भरायच्या आधी, यादोरावांना दाखवायला. तेव्हा शाळेतल्या कुणीतरी तेवढाच भाग निवडून 'प्रिंट एरिया' ठरवून दिला होता, आणि तो अजून तसाच होता. त्या हद्दीबाहेर नंतर वसलेली घरं कागदाच्या हिशेबी नव्हतीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून खुशबूनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. हद्द पुसली, तसा आकडा चौऱ्याऐंशीचा शहाण्णव झाला. उरलेली बारा पानं दिवेलागणीच्या आत निघाली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती भाऊंबरोबर गेली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. गाव जमणार होतं त्या वस्तीतल्या शाळेच्या पडवीत दोघांनी मिळून पानं जोडली. आठ ओळी, दर ओळीत बारा पानं. घरात एक पाऊल मावेल एवढा चौकोन. यादोराव काठी टेकत आले, पाहिलं आणि म्हणाले, "उलटं आहे. नदी त्या अंगाले." मग चौघांनी चार कोपरे धरून अख्खं गाव फिरवलं, वैनगंगेकडची बाजू वैनगंगेकडे केली, तेव्हा कुठं त्यांचा जीव थाऱ्यावर आला.

लोक जमले. इतर वेळी एकमेकांना ढकलत पंगतीला बसणारी माणसं कडेनं गुपचूप उभी राहिली. चपला कुणी काढायला सांगितल्या, कळलं नाही, पण सगळ्यांनी काढल्या होत्या. मग एकेक जण आत आला, वाट सोडून कुणाच्या घरावर पाय न देता चालला आणि आपल्या दारात जाऊन थांबला. गळ्यापर्यंत बटण लावलेला तो भिडस्त माणूस हातात पेन घेऊन भिंतीला टेकून उभा होता, आणि गाव त्याच्याकडे पाहतही नव्हतं, कारण गाव गावात होतं.

बायजाबाई शेवटी आल्या. ऐंशीच्या पुढं वय, कमरेत वाकलेल्या, डोळ्यांत पांढरी साय. लेकीचा हात त्यांनी सोडवून घेतला.

"नदी कोण्या अंगाले?"

भाऊंनी त्यांना नदीच्या कडेला उभं केलं. म्हातारी वाटेच्या कागदावरून पाय घासत निघाली. विहाराशी वळली, चिंचेला वळसा घातला. बोडीच्या गल्लीत आल्यावर तिनं पावलांनी घरं मोजली, सहाव्याशी थांबली आणि खाली बसली. चौकोनात बायजाबाईंचंच नाव होतं. ते तिला वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही नव्हती.

खुशबू तिला आधार द्यायला धावली होती. ती शेजारच्या कोऱ्या चौकोनात उभी होती. भाऊ पेन घेऊन जवळ वाकले, पण विचारायचा त्यांना धीर होईना.

बायजाबाईंनी हात पुढं करून खुशबूचं पाऊल चाचपलं.

"सरक ना माय थोडी," त्या म्हणाल्या. "रुखमाच्या चुलीवर उभी आहेस तू."

खुशबू झटकन वाटेवर आली, आणि भाऊंनी गुडघे टेकून लिहिलं, रुखमा.