मुक्ताचा डावा पाय

शाळेच्या मैदानावर काल माझी पुतणी मुक्ता लंगडी घालत होती, तीही डाव्या पायावर. एकामागून एक चार मुली तिने बाद केल्या आणि मी नुसता बघत राहिलो.

जन्मली तेव्हा हाच पाय आत वळलेला होता. आमच्या आत्याने लगेच तिच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला सुनावलं, "ग्रहणात भाजी चिरलीस ना, त्याचंच हे." वहिनी मग कितीतरी दिवस स्वतःच्या हातांकडे बघत बसायची. अखेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ग्रहणाचा काही संबंध नाही. गर्भात असं का होतं, हे पुष्कळदा आम्हालाही सांगता येत नाही. पाय मात्र सरळ करता येतो." मग दर आठवड्याला नवं प्लास्टर, आणि त्यानंतर कितीतरी महिने खास बूट.

कारण ठाऊक नसलं की ती जागा आपल्याला मोकळी ठेवता येत नाही. तिथे आपण आईला नेऊन उभं करतो.

खेळ रंगात असताना, मुक्ताच्या पायाचं ऐकून एक तरुण बाई मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वहिनीजवळ आली. तिच्या कडेवरच्या तान्ह्या बाळाचे दोन्ही पाय तसेच वळलेले होते. तिने हळूच विचारलं, "ताई, माझं काय चुकलं असेल हो?"

"काहीसुद्धा चुकलेलं नाही!" वहिनी इतक्या मोठ्याने म्हणाली की आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. "सोमवारी दवाखान्यात जायचं. मी येते तुझ्याबरोबर."