सत्कार झाला, गाणं राहिलं

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे.

आज आमचा रॉक बँड अमरावतीहून अकोल्याला गेला. स्वतः रचलेलं गाणं पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवायचं होतं. मी कीबोर्डवर बोटं ठेवली, तोच आयोजक माईकवर आले, माझ्याकडे हात करून म्हणाले, "रिटायर झाल्यावरही काकू हे करून राहिल्या! आधी सत्कार." शाल, नारळ, भाषणं झाली. मग म्हणाले, "आता वेळ संपला."

आमचा ड्रमर इम्रान उसळला. "अन् गाणं?"

"तुमच्या काकूचा सत्कार केला ना!"

माझ्या वयासाठी वेळ होता, गाण्यासाठी नव्हता.

ती शाल मी इम्रानच्या मोठ्या ड्रममध्ये कोंबली. आत कापड असलं की आवाज घुमत नाही, घट्ट येतो. मग कोणाला न विचारता गाणं वाजवलं, पूर्ण.

त्यानंतर सगळे माझ्या उत्साहाबद्दलच बोलले. तुमच्यापैकी कोणी तिथे होतं का? गाणं वाईट होतं, एवढं तरी सांगा.